अंगणातली 407 आणि दोन पोरं

तुझा प्रश्न थोडक्यात असा. काकांची 1996 ची टाटा 407 सहा वर्षं गोठ्याशेजारी लिंबाखाली उभी आहे. काका गेले, गाडी तुझ्या वाट्याला आली. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून तू ठरवलंस की रविवारी-रविवारी आपणच करू. पाने धरायची सवय विहिरीवरची मोटर आणि मोटारसायकल एवढ्यापुरतीच. पोरगा सात वर्षांचा, पोरगी साडेतीनची, दोघं दिवसभर त्याच अंगणात. सुरुवात कुठून करू आणि पोरांना लांब कसं ठेवू, असं विचारलंयस.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. पोरं लांब राहत नाहीत. हायवेच्या कडेला तेहतीस वर्षं माझं गॅरेज आहे, पुढे गॅरेज आणि मागे घर. माझी दोन्ही पोरं त्याच तेलकट जमिनीवर रांगली. ‘लांब व्हा रे’ म्हणून ओरडलेलं पाच मिनिटं पुरतं. आणि तू गाडीखाली असतोस तेव्हा पोरांची भीती त्यातल्या त्यात कमी, कारण तेव्हा तुझं, सूनबाईचं, आजीचं, सगळ्यांचं लक्ष तिकडेच असतं. तू चहाला उठलास, लाइट गेली, वायसर मिळेना म्हणून तालुक्याला गेलास, की खरी वेळ तीच. नवख्या माणसाचं काम एका बैठकीत संपत नाही. रविवारी उघडलेलं चाक पुढच्या रविवारपर्यंत तसंच राहतं आणि मधले सहा दिवस ती उघडी गाडी पोरांच्या ताब्यात.

म्हणून एकच सवय लाव. उठायच्या आधी गाडी झोपवायची. सगळी चाकं जमिनीवर, बॅटरीची वायर सुटलेली, तेलाचं भांडं बंद, हत्यारं पेटीत, केबिनला कुलूप, किल्ली तुझ्या खिशात. दोन तास हाताशी असतील तर काम दीड तासाचंच काढ, उरलेला अर्धा तास झोपवायला. जे काम त्या वेळात उघडून बंद होणार नाही, ते घरी करूच नकोस. कुठलं काम तुझं आणि कुठलं फिटरचं, हे बरंचसं या एका हिशेबाने ठरतं.

पाना उचलायच्या आधी कागद काढ. आरसी कोणाच्या नावावर आहे, वारस म्हणून नाव चढलंय का, पासिंग कधी संपलं, टॅक्स आणि पर्यावरण कर किती थकलाय. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग लागतं आणि पंधरा वर्षांपुढच्या गाडीची फी 2022 पासून बरीच वाढलीय. आरटीओत एक चक्कर मारून आकडा काढ. तो गाडीच्या किमतीच्या वर गेला तर पुढचं वाचायची गरज नाही, भंगारात दे आणि काकांची आठवण म्हणून स्टिअरिंग भिंतीला लाव.

आता जागा. लिंबाखालची सावली चांगली, पण जमीन बघ. काळी माती असेल आणि वरून कडक दिसत असेल तर फसू नकोस. मी उमेदवारी करायचो तेव्हा एका मळ्यात गाडीचं मागचं चाक काढलं होतं. बॉटल जॅकखाली वीतभर फळी होती. पाऊस होऊन चार दिवस झाले होते, वरची पापडी वाळलेली. आम्ही भाकरी खायला बांधावर बसलो आणि डोळ्यांदेखत गाडी हळूहळू वाकडी झाली, फळी एका बाजूने जमिनीत गेली, जॅक तिरका झाला आणि ड्रम मातीत बसला. आवाज फार मोठा नव्हता, पोतं टाकल्यासारखा. पंधरा मिनिटांपूर्वी मी त्याच ड्रमखाली हात घालून ग्रीस पुसत होतो. गाडी जिथे उभी आहे तिथून ढकलून किंवा ट्रॅक्टरने ओढून खळ्यावर, फरशीवर, निदान मुरूम ठोकलेल्या सपाट जागेवर आण. ओढताना स्टिअरिंगवर माणूस हवा, ब्रेक लागणार नाहीत हे धरून चालायचं आणि पोरं घरात, दार लावून, आजीजवळ.

जागेवर आली की दोन गोष्टी लगेच कर. दोन चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. हँडब्रेकवर विश्वास नको, सहा वर्षांत त्याची केबल गंजून तरी बसली असेल किंवा ओढली तरी काही धरत नसेल. आणि हौद्याचा फाळका. पोरांना फाळक्याला लोंबकळायला फार आवडतं. गंजलेला आकडा एका बाजूने सुटला की तो पूर्ण लोखंडी फाळका बिजागरीवर खाली येतो, आणि साडेतीन वर्षांच्या पोरीचं डोकं त्याच्या वाटेतच असतं. गाडीचं बाकी काहीही व्हायच्या आधी फाळक्याचे दोन्ही आकडे जाड तारेने पिळून बांध.

केबिनला कुलूप हवं ते वेगळ्याच कारणाने. पोरं आत बसून ‘पॅंऽऽ’ करत गाडी चालवणार, गिअर काढणार. उतारावर असेल तर गाडी निघेल. आणि उन्हाळ्यात काचा बंद केबिनमध्ये पोरगं आत अडकलं, आतलं हँडल गंजलेलं म्हणून दार उघडेना, तर थोड्याच वेळात जिवावर येतं. कुलूप चालत नसेल तर दोन्ही दारांना बाहेरून कडी-कोयंडा वेल्ड करून घे. दिसायला वाईट, पण रंग तरी कुठे चांगला आहे?

बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह वायर, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलटं केलंस आणि पाना चासीला टेकला तर ठिणगी उडते, आणि बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन निघतो. जुनी बॅटरी तर मेलेलीच असणार. ती अंगणात ठेवू नकोस, बॅटरीवाल्याला देऊन टाक, शिशाचे पैसे येतात. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खरवडली असशील तर हात साबणाने धू, मगच पोरीला उचल. ॲसिड अंगावर किंवा डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं धरायचं आणि डॉक्टर गाठायचा. हळद, तूप, टूथपेस्ट काही नाही.

आता जे सांगतोय ते लिहितानाही मला जड जातं. माझा धाकटा चार वर्षांचा होता. नोजल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी तोटी, धुवायला आणलेलं रॉकेल मी कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवलं होतं. आपल्याकडे सगळे तसंच ठेवतात. मी समोरच्या हॉटेलात चहाला गेलो. परत आलो तर हा उभा राहून ठसकतोय, शर्टाला वास, बाटली आडवी. आई मिठाचं पाणी घेऊन धावत आली, ओकून काढू म्हणाली. शेजारच्या मेडिकलवाल्याने तिचा हात धरला म्हणून वाचलो. रॉकेल, डिझेल, पेट्रोल पोटात गेलं तर उलटी करवायची नाही. ते पातळ असतं, उलटीत वर येताना फुप्फुसात उतरतं आणि तिथे जास्त नुकसान करतं. तालुक्याच्या दवाखान्यात रात्रभर त्याचा श्वास मोजत बसलो. डॉक्टर सकाळी एवढंच म्हणाले, ‘ओकवलं नाहीत ते बरं केलंत.’ पोरगा आज सत्तावीस वर्षांचा आहे. माझ्या गॅरेजमध्ये त्या दिवसापासून पिण्याच्या वस्तूची बाटली तेलासाठी वापरत नाही. जाड प्लास्टिकचा कॅन, फिरकीचं झाकण, आणि पोराच्या काय, सूनबाईच्याही हाताला येणार नाही इतक्या उंच खुंटीला. असं काही झालंच तर 108 लावायचा आणि ज्यातून प्यालं ती बाटली सोबत न्यायची.

रेडिएटरमधलं हिरवं-निळं कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी. काढलंस तर घमेल्यात उघडं ठेवू नकोस. कुत्रंही पितं, वासरूही पितं, पोरगीही बोट घालून चाटते. जळकं ऑइल लोक दाराच्या चौकटीला वाळवीसाठी लावतात, जनावराच्या जखमेला लावतात. यातलं काही करू नकोस, विहिरीच्या बाजूला ओतू तर मुळीच नकोस. कॅनमध्ये भरून कुठल्याही गॅरेजच्या बॅरलमध्ये दे, घेतात.

एवढं झाल्यावर गाडीकडे वळू. बॉनेट उघड आणि काठीने एअर फिल्टरच्या डब्यात बघ. उंदराचं घर नसेल तर मला आश्चर्य वाटेल. साप असू शकतो म्हणून काठी. वायरिंग कुठे कुरतडलंय ते बघून ठेव, मोटरीचं काम येतंय म्हणजे ते तुला जमेल. टेप गुंडाळून भागवू नकोस, तेवढा तुकडा नवीन टाक.

टाकीच्या तळाचा नट सोडून पहिलं लिटरभर काचेच्या बरणीत घे. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे आधी तेच येतं. बरणी दहा मिनिटं स्थिर ठेवलीस की थर वेगळे दिसतील: खाली पाणी, मध्ये काळपट शेवाळासारखा चोथा, वर डिझेल. चोथा निघाला तर टाकी बहुधा उतरवून धुऊन घ्यावी लागेल, नाहीतर नवे फिल्टर आठवड्यात तुंबतील. दोन्ही डिझेल फिल्टर बदल, इंजिन ऑइल बदल. ऑइलची काडी काढल्यावर दुधाच्या चहासारखा रंग दिसला तर आत पाणी गेलंय. तिथे थांब आणि फिटर बोलाव.

ऑइल नवं टाकल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या क्रँक पुलीच्या नटाला मोठा गोटी पाना (सॉकेट) लाव आणि हाताने इंजिन फिरवून बघ. 497 इंजिन आहे, चार सिलिंडर, 97 मिलिमीटर बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास, नावातच सगळं आलं. जड जाईल पण फिरायला हवं. दोन पूर्ण फेऱ्या विनाअडथळा झाल्या की अर्धी लढाई जिंकलास. अडकलं तर पाइप लावून जोर करू नकोस. पिस्टन लायनरला चिकटला असेल तर जोराने रिंगा तुटतात, आणि जे काम सिलिंडरमध्ये तेल ओतून आठवडाभर वाट बघण्यात झालं असतं ते बोअरिंगपर्यंत, म्हणजे सिलिंडर कापून घेण्यापर्यंत जातं.

मायको पंप, म्हणजे नोजलला दाबाने डिझेल देणारा पंप, उघडू नकोस. तुला पंधरा दिवस लागतील आणि शेवटी पंपवाल्याकडेच न्यावा लागेल. नोजलही त्याच्याकडूनच तपासून घे. नोजल उडतंय की नाही ते बोट लावून बघणारे मिस्त्री मी पाहिलेत. त्या दाबाने डिझेल कातडीत शिरतं, वरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं आणि आत बोट सडतं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी सर्जनकडे. त्या कामाच्या वेळी पोरगा बाजूला डोकावत नको, फवारा कुठेही जातो.

जॅकचं आधी थोडं सांगितलं, आता नीट सांगतो, कारण नवखा माणूस मरतो तो इथे. जॅक फक्त उचलायला. धरून ठेवायला स्टँड. जुन्या बॉटल जॅकचं सील गळत असेल तर तो रात्रीत बोटभर खाली बसतो, तुला कळतही नाही. विटा नकोत, सिमेंटचे ठोकळे नकोत, ते न सांगता फुटतात. लोखंडी स्टँड विकत घे किंवा भाड्याने आण, नाहीतर रेल्वेच्या स्लीपरसारखे जाड लाकडी ठोकळे आडवे-उभे रचून त्यावर ॲक्सल टेकव. रिकामी गाडी दोन टनांच्या वर आहे. मागचं एक चाक उचललंस की गिअरमध्ये टाकलेली गाडीसुद्धा धरत नाही, डिफरन्शियलमुळे हवेतलं चाक मोकळं फिरतं आणि गाडी जॅकवरून पुढे सरकते. म्हणून पुढच्या चाकांना ठोकळे, दोन्ही बाजूंनी. चाकाचे नट गाडी खाली असतानाच सैल कर. उचलल्यावर टॉमीला (पान्याच्या दांड्याला) लोंबकळायचं नाही. आणि काढलेलं चाक उभं टेकवून ठेवू नकोस. पोरगं त्यावर चढतं आणि ते पोरावर पडतं. आडवं टाक, ॲक्सलखाली सरकव, म्हणजे स्टँड सरकलंच तर गाडी चाकावर बसेल.

टायरचं तू काही करू नकोस. साइडवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. बहुतेक सगळे बाद निघतील. रिमला सुटी रिंग असेल तर हवा पंक्चरवाल्याकडेच भरायची. नीट न बसलेली रिंग हवा भरताना उडते, ती माणसाला ठार करते. पंक्चरवाला रिमला साखळी गुंडाळत नसेल किंवा जाळीत ठेवत नसेल, तर दुसरा शोध. तो भरत असताना तू पण बाजूला हो, समोर उभा राहू नकोस.

ब्रेक. ड्रम काढून बघ, शिक. व्हील सिलिंडर बसलेले असतील, रबरं फुगलेली असतील, ब्रेक ऑइल चहासारखं झालं असेल. ड्रममधली काळी धूळ मात्र कंप्रेसरने उडवायची नाही, फुंकरही नाही. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसून घे आणि फडकं पिशवीत बांधून टाक. सगळ्या चाकांच्या किट बदलणं, ब्रेकच्या नळ्यांतली हवा (एअर) काढणं, ॲडजस्ट करणं हे फिटरकडून करून घे आणि स्वतः शेजारी बसून बघ. इंजिन चालू झालं नाही तर गाडी उभी राहील, एवढंच. ब्रेक लागले नाहीत तर घाटात तुझ्याबरोबर आणखी कोणाचं तरी घर जाईल. यात पैसे वाचवू नकोस.

पहिल्यांदा स्टार्ट करायच्या दिवसाची सगळे वाट बघतात. नारळ आणतात, शेजारीपाजारी गोळा होतात, पोरं पुढे. तसलं काही करू नकोस. नारळ दुसऱ्या दिवशी फोड. त्या दिवशी दोनच माणसं हवीत, एक केबिनमध्ये आणि एक इंजिनजवळ. पोरं मामाकडे पाठवता आली तर उत्तम, नाहीतर सूनबाईने घरात घेऊन बसावं.

आधी स्टॉपची, म्हणजे इंजिन बंद करायची, केबल तपास. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या इंजिनला चालू राहायला वीज लागत नाही, किल्ली काढून ते बंद होत नाही. केबल ओढल्यावर पंपावरचा लिव्हर खरोखर पूर्ण हलतो का, ते एकाने ओढून आणि एकाने बघून खात्री कर. सहा वर्षांत केबल गंजून आतच अडकलेली मी कितीदा पाहिलीय. पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकला असेल तर इंजिन चालू होताच रेस वाढत जाते आणि थांबत नाही. त्यासाठी एअर फिल्टरचा पाइप सोडून, तोंडावर बसेल अशी जाड सपाट फळी हाताशी ठेव. हवा बंद केली की इंजिन मरतं. तळहात लावायचा नाही, ओढून घेतो. फडकंही नाही, ते आत जातं.

फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हॅंड प्रायमरने (छोट्या हातपंपाने) डिझेल मार, बुडबुडे संपेपर्यंत. मग पंपातली एअर काढ. मग सेल्फ. सेल्फ केबिनमध्ये बसून मारायचा, न्यूट्रल दोनदा हलवून बघून. खाली चाकाजवळ उभं राहून स्क्रू ड्रायव्हरने सेल्फ डायरेक्ट करायची जी पद्धत आहे, तीत गाडी गिअरमध्ये असेल तर उडी मारून पुढे येते, आणि डायरेक्ट करणारा चाकासमोरच असतो. दहा सेकंदांवर सेल्फ धरू नकोस, मध्ये विश्रांती दे. लागली की पहिल्या मिनिटात ऑइल प्रेशरचा काटा बघ. काटा उठला नाही तर बंद. सुरू इंजिनवर ओढणी, पदर, सैल शर्ट घेऊन कोणी वाकायचं नाही, फॅनची पट्टी ओढून घेते. गरम रेडिएटरचं झाकण अर्ध्या तासाने.

रंगाचं सगळ्यात शेवटी, पण पोरांच्या दृष्टीने मी ते वर आणीन. तू ‘पॉलिश पेपरने घासून मस्त पिवळा मारतो’ म्हणतोस. ट्रकच्या जुन्या पिवळ्या-केशरी रंगात शिसं असायचं. घरगुती रंगांसाठी शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90) मर्यादा आपल्याकडे 2016 च्या नियमांनी आली, 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. तुझी गाडी तर 1996 ची, आणि तो नियम गाड्यांच्या रंगाला नाहीच. मुलांच्या रक्तात शिशाचं सुरक्षित म्हणावं असं कुठलंच प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कोरडं घासलंस तर ती धूळ अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि पोरीच्या बोटांवर बसते, आणि साडेतीन वर्षांच्या पोरीची बोटं दिवसभर तोंडात. म्हणून वॉटर पेपर, पाणी मारत मारत. खाली प्लास्टिक, गाळ गोळा करून बांधायचा. ग्राइंडर लावायचाच असेल तर गाडी पेंटरच्या शेडमध्ये ने. त्या दिवसाचे कपडे वेगळे धू, अंघोळ करून मगच घरात ये.

आता पोराचं. सात वर्षांच्या पोराला काहीच हात लावू दिला नाहीस तर तू नसताना तो सगळ्याला हात लावणार. त्याला काम दे. चपट्या डब्यांमध्ये नट-बोल्ट लावायचे, डब्यावर ‘डावं पुढचं चाक’ असं खडूने लिहायचं, बंद करताना हत्यारं मोजून पेटीत टाकायची. माझ्या थोरल्याने मोजलेली 14-15 ची पाना-जोडी तीन वेळा इंजिनमध्ये राहता राहता वाचली. उतरलेली जुनी बेअरिंगं निघतील, ती साबणाने धुऊन दे, बेअरिंगची गाडी करायचं त्याचं वय आहे. फक्त फोडून छर्रे काढू देऊ नकोस, धाकटी गिळेल.

पहिल्या रविवारी इंजिनला हात लावू नकोस. फाळका बांध, केबिनला कडी लाव, बॅटरी काढून दे, उंच खुंटी ठोक, आणि टाकीतलं ते लिटरभर बरणीत घे. बरणी बघून झाली की रिकामी करून फोड, लोणच्याला वापरायची नाही. थरांचा फोटो मला पाठव. खाली पाणी किती बोटं आहे आणि मधला थर काळा आहे की तपकिरी, ते बघून टाकी उतरवायची का नुसती धुवायची ते सांगतो.